टिकलीला आई हवी

उंच डोंगरमाथ्यावरच्या एका पालात हौसा आणि तिचा बा राहायचे. पालात पीठ थोडं आणि थंडी फार! पण त्यांच्या दख्खनी मेंढ्या बघाव्यात! काळ्याभोर, लोंबत्या कानांच्या, बाकदार नाकाच्या. काटेरी झुडपांचा पाला खाऊन तुरुतुरु कडा चढायच्या. लोकर तर अशी राठ, की पाऊस वरच्यावर ओघळून जायचा.

एके दिवशी भोरी मेंढीचं कोकरू तापानं गेलं. दुसऱ्याच दिवशी टिकली नावाच्या इवल्याशा कोकराची आई कड्यावरून पडून मेली. भुकेली टिकली बें बें करत भोरीकडे धावायची आणि भोरी तिला ढुशी मारून उडवायची.

“बा, हिला दूध हाय, तिला भूक हाय. मग?”

“मेंढी वासावर पोर वळखती, हौसा. परक्याला न्हाई पाजत. आज प्याली न्हाई, तर टिकली बी जाईल.”

टिकलीला उचलून हौसा सोनकीच्या पिवळ्याधमक फुलांत पळाली आणि रडू लागली. तोच एक फूल झगमगलं! आतून बोटाएवढी परी निघाली. पंख दवाचे, झगा केशरी.

“एक इच्छा माग, बाळे. पण...”

“भोरीचं कोकरू परत दे!”

परीचे पंख मंदावले. “गेलेल्याला मी आणू शकत नाही गं.”

“मग कसली परी तू!”

“इवलीशी,” परी हळूच म्हणाली. “दुसरं काही माग. पण त्यासाठी तुझं सगळ्यात लाडकं द्यावं लागेल.”

हौसाच्या खांद्यावर घोंगडीचा तुकडा होता. भोरीचं कोकरू त्यातच झोपायचं. त्याचा दुधाळ, उबदार वास अजून त्यात होता. तेवढाच उरला होता. हौसानं तो छातीशी घट्ट आवळला.

टिकली तिचं बोट चोखू लागली.

“घे! लवकर घे! ह्यातला वास टिकलीला दे!”

परीनं फुंकर घातली. तुकड्याच्या चांदण्या चांदण्या झाल्या आणि टिकलीच्या लोकरीत विरल्या. हौसा धावत सुटली!

भोरीनं टिकलीला हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग घशातल्या घशात हुंकारली आणि तिला चाटू लागली.

“बा! प्याली! टिकली प्याली!”

बानं डोळे पुसले. “आता टिकली तुझी. तिची पिल्लं बी तुझीच, पोरी!”

तिकडे परी उजेड होऊन उधळली. सगळा डोंगर सोनेरी झाला. पण हौसाला बघायला सवड कुठली? ती टिकलीची थरथरती शेपटी बघत होती.