बाकड्यावरचा राजा

"पण मग राजानं करायला काय हवं होतं, आपा? भाकीत तर आधीच झालेलं होतं!"

आपा घोगळ्यांनी पान लावता लावता मान वर केली. "तुमीच सांगा. तुमी डाक्टर."

डॉ. विद्याधर पळसुले सुखावले. ते खरोखरीच डॉक्टर होते. रोग्यांचे नव्हेत, शोकांतिकेचे. कॉलेजात बत्तीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट शिकवली. नायक कितीही धडपडला तरी नियतीपुढे त्याचं काही चालत नाही. पोरांनी ती मुकाट वहीत उतरवून घेतली. उलट कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर सरांनी त्याला इंटर्नलच्या मार्कांत बघून घेतलं असतं.

पुढच्या महिन्यात सर निवृत्त होणार होते. निरोपाच्या भाषणाला एक शेवटचा दाखला हवा, असं घरी सांगून ते भर दुपारी या जत्रेच्या गावी आले होते.

देवळाच्या सभामंडपात दशावताराची कंपनी आडवीतिडवी घोरत पडली होती. जागे एकटे आपा. सत्तरी ओलांडलेले. चाळीस वर्षं त्यांनी राण्या आणि राजकन्या उभ्या केल्या. आता कंपनी त्यांना गुरू म्हणायची. आपा काही संतबिंत नव्हते. चिडले की झांजवाल्याचा आईबापासकट उद्धार करायचे, आणि स्वतःचा ताल चुकला तरी शिव्या त्यालाच. पण नाटक त्यांना आतून ठाऊक होतं.

विषय चालला होता आदल्या रात्रीच्या खेळातल्या आख्यानाचा. ज्योतिषी राजा सुमंडलाला सांगतो, तुझी मुलगी तुझं राज्य बुडवील. राजा घाबरतो आणि तिला रानात हाकलतो. ती रानात वाढते, बापावरचा राग जपते, आणि एक दिवस धरणाचा बांध फोडते. राज्य बुडतं.

"टाळायला जावं तेच ओढवून घ्यावं, हीच तर शोकांतिका," सर म्हणाले. "राजाच्या हातात काहीच नव्हतं. तो दोषी नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी जरा मोठ्यानंच म्हटलं.

आपांनी पान गालात सरकवलं. "मास्तरांनू, आमच्यात नाटक लिवलेलां नसतां, ठाव आसा मां?"

सरांना 'मास्तर' खुपलं. "ठाऊक आहे. संवाद तुम्ही आयत्या वेळी रचता."

"मॅनेजर इतक्यांच सांगता, राजा चेडवाक हाकलता. बस्स. मगे काय बोलाचां, कसां बोलाचां, तां ज्येचां त्येनी."

"म्हणजे हाकलणं ठरलेलंच की!"

"ठरलेलांच. माका बारा राजांनी हाकलल्यानी. एक रडलो. एकान तोंड फिरवल्यान. आमचो काशिनाथ बाकड्यावरसून खाली उतारलो, आपलो शेलो माझ्या खांद्यार घातल्यान. म्हणालो, रानात थंडी आसता गो."

"पण हाकललं ना त्यानंही?"

"हाकलल्यान."

"मग फरक काय पडला?"

मंडपाच्या मधोमध लाकडी बाकडं होतं. खेळात तेच सिंहासन, तेच पलंग, तेच डोंगर. आपांनी तिकडे बोट केलं.

"बसा."

"मी?"

"तुमी राजा. हाकला माका."

सर हसले. इकडेतिकडे पाहिलं. सगळे झोपलेले. बत्तीस वर्षं वर्गापुढे गाजवली होती, बाकड्यावर बसायला काय लागतं? बसले.

आपांनी खांद्यावरचा पंचा डोक्यावरून घेतला, टोक मुठीत धरलं, एक पाऊल मागे टेकवलं. हनुवटीवरचे पांढरे खुंट तसेच होते. पण खांदे लहान झाले. समोर वीस वर्षांची मुलगी उभी होती.

बोली गेली. आवाज राजकन्येचा.

"बाबा, माझं काय चुकलं?"

"हे कन्ये," सरांनी खर्ज लावला, "विधात्याच्या लेखणीपुढे राजदंडही लवतो! तुझ्या ललाटी वनवास कोरलेला असताना..."

"बाबा, वर बघून बोला ना."

"माझा नाइलाज आहे, कन्ये. दैवगतीच अशी..."

"एकदाच माझ्याकडे बघा. मग जाते मी."

सरांनी पाहिलं.

मग शब्द आले, ते खर्जात नव्हते.

"पंच्याहत्तर टक्के भरत नाहीत तुझे. माझ्या हातात काही नाही."

मंडपात कुणीतरी कूस बदलली.

आपा जागचे हलले नाहीत. डोक्यावरचा पदरही काढला नाही. फक्त आवाज पुन्हा म्हाताऱ्याचा झाला.

"ह्यां राजाचां बोलणां न्हय."

"नाही."

"कोणाचां?"

सरांचे कान तापले. "...माझं."

आपा थांबून राहिले. या म्हाताऱ्याला थांबता येत होतं, ही त्याची सगळ्यात वाईट सवय.

"रेश्मा तारी," सर म्हणाले. "तिसऱ्या वर्षाला होती. आईला डायलिसिसला न्यायची, आठवड्यातून दोनदा. हजेरी भरली एकसष्ट टक्के. परीक्षेचा फॉर्म घेऊन माझ्या केबिनमध्ये आली."

"मगे?"

"फॉर्मवर एक रकाना असतो. विभागप्रमुखाची, म्हणजे माझी, शिफारस. तिथं सही असली की बसू देतात परीक्षेला."

"केलात?"

"नाही. नियम म्हणजे..." सर अडखळले. "त्याच सकाळी संस्थेच्या चेअरमनच्या पुतण्याला केली होती. त्याची बावन्न टक्के होती."

हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं की मन मोकळं होतं, असं म्हणतात. झालं नाही. स्वतःच्याच अंगाचा वास यावा आणि उठून जायला जागा नसावी, तसं झालं.

"मी मानही वर केली नाही, आपा. वर म्हणालो, वर्गात शिकवतो ती नियती हीच. ...विनोद म्हणून."

"हसली?"

"हसली. मी सर होतो ना."

आपांचा पदर डोक्यावरच होता.

"तिनं कॉलेज सोडलं," सर म्हणाले. "वर्षाच्या आत लग्न लावून दिलं घरच्यांनी. गेल्या महिन्यात एस.टी. स्टँडवर दिसली, कडेवर मूल. मी पेपर तोंडापुढे धरला, तर तीच पुढे आली. नवऱ्याला म्हणाली, हे आमचे सर. आणि भर स्टँडवर वाकून पाया पडली. मी काहीतरी पुटपुटलो, परीक्षेचं. तर म्हणाली, 'जाऊ दे हो सर, माझ्याच नशिबात नव्हतं. तुम्हीच तर शिकवलंत.'"

"तुमी काय म्हणालात?"

"सुखी राहा."

आशीर्वादाला अशा सरांचा हात कसा चटकन उठतो. सहीसाठी तोच हात जड होता.

सर बाकड्यावर पुढे सरकले. आवाज खाली आला. "आपा, तुम्ही इतकी आख्यानं जगलात. तुम्ही तरी सांगा. तिच्या नशिबातच नसेल, तर माझी सही असून काय झालं असतं? दुसरं काहीतरी आडवं आलंच असतं. असंच असतं ना?"

भाषण, दाखला, सगळी थाप होती. एवढं एक 'हो' ऐकायला ते साठ किलोमीटर आले होते. ते 'हो' मिळालं असतं, तर संध्याकाळी घरी जाऊन नीट जेवले असते.



पंचा सावरून आपा दोन पावलं पुढे आले. बाकड्यासमोर थांबले. सत्तरीचा माणूस वाकतो तसे नाही, सासरी निघालेली मुलगी वाकते तसे वाकले. दोन्ही हात सरांच्या पायांकडे गेले...

सरांनी झटक्यात पाय वर ओढले. थेट बाकड्यावर. मोजे घातलेले पाय पोटाशी घट्ट धरून राजा सिंहासनावर मुटकुळं करून बसला. डोळे मिटलेले. घशातून आवाज येत होता; तो रडण्याचा की नुसता श्वासाचा, त्यांनाही कळत नव्हतं.

आपा तसेच वाकलेले. हात रिकाम्या फरशीवर टेकलेले.



मग त्यांनी तिथूनच मान वर केली.

"पाय वर घेवक तुमका आता कोणी सांगल्यान, मास्तरांनू? नशिबान?"