मानूस खाली हाय

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा कुसळवाडीच्या माळावर सावलीला म्हणून एक झाड नव्हतं. बायका पहाटे ओढ्यावर पाण्याला जायच्या, त्या ऊन डोक्यावर आल्यावर परतायच्या. त्या काळी या वाडीत दोन मैतर होते, सटवा आणि लिंबा. दोघं विहिरी खोदायचे.

सटवा अंगानं किडकिडीत, पण तोंडानं भारी. तो खाली उतरायचा. लिंबा ताडमाड उंच, बोलणं थोडं. तो काठावर उभा राहून दोर धरायचा. सटवानं खाली पाटी भरायची, लिंबानं ती वर ओढायची, रिकामी करायची आणि परत सोडायची. सटवा जमिनीला कान लावायचा आणि पाणी कुठून चाललंय ते त्याला ऐकू यायचं, असं म्हणतात. कातळ फुटेनासा झाला की तो त्याच्याशी लेकराशी बोलावं तसं गोड बोलायचा, आणि मग कातळ फुटायचा, असंही म्हणतात.

त्यांच्या कामाची एक रीत होती. लिंबा अधूनमधून वाकून विचारायचा, "हाय का रं?" की खालून ओ यायची, "हाय!" पण नुसतं हाय म्हणून गप्प बसेल तर तो सटवा कसला! "हाय! पळून जायाला हितं वाट कुठं हाय?"

दुसरी रीत अशी, की माणूस खाली असताना पाणी काढायला वरून भांडं सोडायचं नाही. एकदा एका परगावच्या पाटलानं, आपल्या विहिरीला पाझर फुटला म्हणून हौसेनं दोर बांधून तांब्या सोडायला घेतला. लिंबानं त्याचं मनगट धरलं.

"मानूस खाली हाय, पाटील."

पाटील लाल झाला. तेवढ्यात खालून आवाज आला, "पाटलास्नी लईच तहान लागली आसंल तर हितंच या म्हनावं. सरकून जागा करतो!" सगळे हसले, मग पाटीलही हसला.

आणि भरलेली शेवटची पाटी वर जाऊन रिकामी झाल्याबिगर सटवा दोराला हात लावायचा नाही. "मागं काय ठिवून यायचं न्हाई," म्हणायचा. मग वर यायचा, मातीनं माखलेला, नुसते दात तेवढे पांढरे. हात चिखलाचे, म्हणून पाखराच्या पिलासारखं तोंड उघडून उभा राहायचा. लिंबा कमरेच्या फडक्यातला गुळाचा खडा काढायचा आणि त्याच्या तोंडात घालायचा. तेवढं झालं की दोघांचा दिवस मावळायचा.

पुढं असा दुष्काळ पडला, की ओढ्यात खड्डे उकरून वाटीवाटीनं पाणी भरायची पाळी आली. तेव्हा सटवा माळावर गेला, पालथा पडला, जमिनीला कान लावला आणि म्हणाला, "हाय. पर लई खोल हाय."

खोदायला लागले. मुरूम संपला, कातळ लागला, कातळाखाली आणखी कातळ. दोर पुरेना. मग वाडीनं गुरांची दावी दिली, बाजांची सुंभं दिली, एका लेकुरवाळीनं पाळण्याची दोरी सोडून दिली. सगळ्या गाठी मारून एक दोर झाला आणि सटवा खाली खाली जात राहिला. त्याला तिथून भरदुपारी चांदण्या दिसायच्या, असं म्हणतात. आणि लिंबानं "हाय का रं?" विचारलं, की त्याची चिलीम भरून, ओढून, झाडून व्हायची, तेव्हा कुठं खालून "हाय!" वर पोचायचं.

एका दुपारी लिंबानं न विचारताच खालून आवाज आला. "लिंबा, पायाला गार लागतंय रं."

मग माळ हादरला. लिंबानं दोर ओढला, सारी वाडी दोराला लागली. पाटी वर आली. पाटीत सटवाचं ओलं मुंडासं होतं. सटवा नव्हता. आणि मागून पाणी चढत आलं, काचेसारखं स्वच्छ, पार काठाच्या हातभर खाली येऊन थांबलं.

वाडी रडली. मग डोळे पुसून बायांनी घागरी आणल्या, तर लिंबा काठावर आडवा उभा.

"मानूस खाली हाय," तो म्हणाला.

त्या दिवशी बाया रिकाम्या घागरी घेऊन परतल्या. दुसऱ्या दिवशीही. पण लेकरांचे ओठ फुटले होते, आणि पाणी तर डोळ्यांपुढं निळं झालेलं. म्हातारे समजावून थकले. लिंबाला ढकलून पाणी काढायची कुणाची छाती झाली नाही. तो सकाळपासून सांजेपर्यंत वाकून विचारायचा, "हाय का रं?" आणि कान देऊन बसायचा. सांज झाली की सवयीनं कमरेला हात जायचा. फडक्यातल्या गुळाला मुंग्या लागल्या, तरी त्यानं तो टाकला नाही.

शेवटी सटवाची बायको हौसा आली, काखेत पोहरा घेऊन.

"सरका, भावजी."

"वैनी, मानूस खाली हाय."

"मला सांगताय? माझाच हाय त्यो." ती त्याच्याजवळ टेकली. "पर मला सांगा, भरल्याली पाटी खाली ठिवून त्यो कवा वर आलाय का?"

लिंबानं नाही म्हणून मान हलवली.

"एवढं भरून ठिवलंय त्यानं. तुमी वर वढायचं सोडून नुसतं हाका मारताय. आसं कसं यील त्यो? वढा की!"

लिंबानं पाण्याकडं बघितलं. मग त्यानं पोहरा घेतला. वाकून विचारलं, "हाय का रं?" थोडा थांबला. मग निजलेल्या माणसाच्या उशाशी तांब्या ठेवावा तसा, आवाज न करता, पोहरा पाण्यावर ठेवला.

त्या दिवसापासून लिंबा ओढतच राहिला. वाडीला पाजलं, गुरांना पाजलं, वाटसरूंना पाजलं. कुणी प्यायला उरलं नाही की माळावर ओतायचा. तिथं लिंब उगवले, चिंचा उगवल्या. आज माळावर जी राई आहे, ती त्याच्या पोहऱ्याखाली वाढली, असं म्हणतात. वाडी देवाला म्हणायची, विहीर आटू देऊ नको. लिंबा मात्र रोज सांजेला वाकून बघायचा, पाणी बोटभर तरी उतरलं का. ते कधी उतरलं नाही.

"ओ देत न्हाई आता त्यो," कुणी हळहळून म्हणालं, तर लिंबा म्हणायचा, "लई खोल गेलाय. ओ यायला येळ लागायचाच."

म्हातारा होऊन तो तिथंच गेला. दोर हातात होता, आणि कमरेच्या फडक्यात गूळ.

आता विहिरीवर मोटर बसली आहे. पण बटण दाबायच्या आधी दाबणारा काठावर येतो, गुळाचा खडा ठेवतो, वाकून विचारतो, "हाय का रं?" मग सगळे गप्प उभे राहतात. शाळेला उशीर झालेली पोरंसुद्धा. एक चिलीम ओढून होईल एवढा वेळ. परगावचा माणूस विचारतो, का थांबलात? तर वाडीतली माणसं सांगतात, सटवाची ओ निघाली आहे, अजून वाटेत आहे.