घंटेविना थांबलेली गाडी

फार वर्षं झाली त्याला. तेव्हा गव्हाणटेकडीला रेल्वे स्टेशन होतं आणि स्टेशनवर पडेल ते काम करणारा तुळसाजी खलाशी होता. छोटी गाडी दिवसातून एकदाच यायची. ती आली की तुळसाजी पाण्याच्या टाकीवर चढून चारी पायवाटा न्याहाळायचा. शेवटचा माणूस फलाटावर पोचला, की मगच घंटा द्यायचा. ड्रायव्हर रहीमभाईंनी बावीस वर्षं ती घंटा ऐकूनच गाडी हलवली होती.

मग वरून हुकूम आला. स्टेशन बंद, घंटा जमा करा. तुळसाजीनं आपल्याच हातानं ती उतरवून साहेबांच्या स्वाधीन केली.

दुसऱ्या दिवशी सवयीनं तो टाकीवर चढला. नदीपलीकडच्या वाडीची माणसं खांद्यावर बाज घेऊन येत होती. बाजेवर यमुना, दोन दिवस बाळंतपणात अडलेली. दवाखाना गाडीनंच गाठायचा. स्टेशन बंद झाल्याची बातमी नदीपलीकडे पोचलीच नव्हती. आणि गाडी तर समोर दिसू लागली. थांबवायला तुळसाजीच्या हातात झेंडीसुद्धा नव्हती.

असं म्हणतात, हुकूम रहीमभाईंच्या डोक्याला ठाऊक होता, हाताला नव्हता. हातानं आपोआप ब्रेक लावला.

गार्ड ओरडला, "रहीमभाई, स्टेशन बंद झालंय! काढा गाडी!"

"घंटा कुठं झाली?"

"घंटा काल नेली साहेबांनी!"

"मग आणा जा परत. घंटेशिवाय इंजिन हलवलंय का मी कधी?" रहीमभाईंनी वर पाहिलं. "तुळसाजी, किती लांब रे?"

"नदीत हायती, भाई!"

असं म्हणतात, त्या घटकेला नदी घोट्याखाली उतरली आणि सूर्य लिंबाच्या शेंड्यावर टेकून राहिला. बाज डब्यात चढली.

"आता तरी?" गार्डनं कपाळाला हात लावला.

तुळसाजीनं चारी वाटा पुन्हा एकदा पाहिल्या. मग छाती भरून तोंडानंच घंटा दिली, "टण! टण! टण!" सात गावांना ती ऐकू गेली, असं म्हणतात. यमुनाला मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी आल्या.

पुढं रूळही उखडले. पण गव्हाणटेकडीहून वरात निघो की एसटी, कुणीतरी आधी वाटा बघून येतं आणि तोंडानं घंटा देतं. परवा नवा एसटी ड्रायव्हर वैतागला, "आजी, कशासाठी थांबायचं?"

आजी म्हणाली, "बस की बाबा जरा. तुळसाजीची घंटा अजून झाली नाही."