टिचकी अळी वाढेचना

एक होती रेशमाची अळी. तांदळाच्या कणीएवढी. नाव तिचं टिचकी.

बहिणी खाऊन खाऊन मोठ्या झाल्या. कोशात गेल्या. टिचकीला उरलं एकच पान. वारा आला. भुर्रर्र! तेही गेलं.

टिचकी उपाशी. टिचकी तेवढीच.

वळवळ वळवळ, टिचकी गेली तुतीच्या झाडाकडे.

"तुतीबाई, तुतीबाई, पान दे ना!
पान नाही, मी वाढत नाही!"

"कुठून देऊ गं? पाणी नाही, पान नाही. जा पाटावर."

वळवळ वळवळ, टिचकी गेली भिकादादाकडे. पाटाचं दार तोच उघडतो.

"भिकादादा, भिकादादा, पाणी सोडा ना!
पाणी नाही, पान नाही.
पान नाही, मी वाढत नाही!"

"दार केवढं जड! उपाशीपोटी उचलू कसं? भाकर नाही, पाणी नाही. जा काकूकडे."

वळवळ वळवळ, टिचकी गेली भाकरीवाल्या काकूकडे.

"काकू, काकू, भाकर थापा ना!
भाकर नाही, पाणी नाही.
पाणी नाही, पान नाही.
पान नाही, मी वाढत नाही!"

"बाजरी आहे, पण पीठ कुठंय बाई? गिरण नाही, भाकर नाही. जा चाचांकडे."

वळवळ... वळवळ... टिचकी दमली. तरी गेली गिरणीवाल्या चाचांकडे.

"चाचा, चाचा, गिरण लावा ना!
गिरण नाही, भाकर नाही.
भाकर नाही, पाणी नाही.
पाणी नाही, पान नाही.
पान नाही, मी वाढत नाही!"

"एकट्या काकूच्या दळणासाठी गिरण लावू? माग बंद, कमाई बंद. विणकरांचं दळण येतच नाही. माग नाही, गिरण नाही. जा विणकराकडे."

वळ... वळ... टिचकी पोचली विणकरकाकांकडे. काका मागापाशी बसलेले. माग बंद.

"काका, काका, माग चालवा ना!
माग नाही, गिरण नाही.
गिरण नाही, भाकर नाही.
भाकर नाही, पाणी नाही.
पाणी नाही, पान नाही.
पान नाही, मी वाढत नाही!"

"साडीचा एक धागा तुटला गं. तो सांधल्याशिवाय माग चालत नाही. रेशीम नाही, माग नाही. जा अळीकडे."

"अळी? अळी तर मीच!"

टिचकी मटकन बसली. आता जायचं तरी कुठं? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले. आणि शेवटी सगळे तिच्याच! टिचकी रडली. खूप रडली. कुणी आलं नाही.

तिच्या पोटात थोडंसं रेशीम होतं. ते दिलं तर मग काय उरणार?

तरी तिनं दिलं. बोटभर धागा.

"एवढंच आहे हो, काका."

"अगं, सांधायला पुरे की!"

काकांनी धागा सांधला. खटक खट! माग चालला.
माग चालला, विणकरांचं दळण आलं. घर्रर्र! गिरण लागली.
गिरण लागली, पीठ पडलं. थाप थाप! भाकर झाली.
भाकर खाऊन भिकादादानं दार उचललं. खळखळ! पाणी आलं.
पाणी आलं, तुतीला पान फुटलं. हिरवंगार!

कुरूम कुरूम. कुरूम कुरूम. आज कणीएवढी, उद्या दाण्याएवढी, परवा शेंगेएवढी! टिचकी वाढली, वाढली, वाढली.

आणि एक दिवस थांबली. समोर पान, पण टिचकी खाईना. तुती घाबरली.

"काय झालं गं? पान कमी पडलं का?"

"नाही गं, तुतीबाई," टिचकी म्हणाली. "पोट भरलं, रेशमानं!"