दाजींना ऐकू न आलेलं संगीत

“पण संगीत कसं वाटलं ते सांगा ना, दाजी!”

“खयचा संगीत?”

केतकीचा चेहरा खर्रकन उतरला.

उतरणारच. दाजी राऊळ म्हणजे दशावतारातले नावाजलेले मृदंगवादक. ही त्यांच्याच हाताखाली शिकली, पुण्याला गेली आणि व्हिडिओ गेम बनवू लागली. या गेमचं संगीत तिने कॉम्प्युटरकडून करवून घेतलं होतं. खेळणारा जसा चालेल, तसं ते तिथल्या तिथे तयार व्हायचं. भागीदार म्हणाले, यंत्राचं संगीत नको, काढून टाक. तर बाईसाहेब ताडकन म्हणाल्या, “माझे गुरू नको म्हणाले तरच काढीन!” आणि लॅपटॉप काखेत मारून थेट कुडाळला हजर. गर्व होताच, नाही कशाला म्हणा.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. राजा किती बोलेल, तलवार कधी उपसेल, हे राजालाही ठाऊक नसतं. म्हणून मृदंगवाल्याची नजर कायम त्याच्या पायांवर. तीच नजर केतकीने कॉम्प्युटरला शिकवली होती.

आणि दाजी विचारतात, कुठलं संगीत!

“अहो, केव्हाचे खेळताय तुम्ही! चहा गार झाला. काकी जेवायला हाका मारून दमल्या.”

“माका ऐकाक येवक नाय...”

दाजींची मान काही वर होईना. पडद्यावर एक चेडू, म्हणजे लहान मुलगी, हरवलेली म्हैस शोधत रानात शिरली होती. दाजी तिला जपून जपून चालवत होते.

“म्हणजे माझी सगळी मेहनत पाण्यात.”

दाजींनी चेडवाला हळूच एका झाडाआड नेलं.

केतकीचं डोकं फिरलं. तिने हात पुढे केला आणि संगीत बंद करून टाकलं. पानांची सळसळ, पावलांचा आवाज, बाकी सगळं होतं तसंच राहिलं.

दाजींचा हात थांबला.

“हयसून कोण गेला?”

“कोणी नाही.”

“मगे रान रिकामा कित्याक झाला?”

रान रिकामं का झालं, म्हणे! केतकीने चमकून दाजींकडे पाहिलं.

“दाजी, मी फक्त संगीत बंद केलं.”

म्हातारा हसला. असा हसला की काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या. मग त्याने केतकीच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. दाजींची शाबासकी ती हीच, आणि ती फार थोड्या शिष्यांच्या पाठीला माहीत होती.

जिंकली की हो पोरगी! तिचे डोळे भरून आले, हसूही आवरेना.

“मग ठेवू ना संगीत? भागीदारांना काय सांगू?”

दाजी कधीच पडद्याकडे वळले होते.

“भागीदारांका मगे सांग. आधी ता लाव गो... माझा चेडू थय एकटा उभा आसा.”