कासार आळीतली धुराची जाळी

अनसा कासारणीचं तेव्हा कुणी खरं मानलं नाही, म्हणून कासार आळीत रांगोळी घालत नाहीत. ही रस्त्यातली लोखंडी जाळी बघा. बघा, पण तिच्यावर उभं राहू नका. खाली विहीर नाही, बोगदा आहे.

माळवंडीच्या राजानं विलायतेत जमिनीखालून धावणारी आगगाडी पाहिली आणि आपल्या पेठेखालूनही तशीच काढली, असं सांगतात. इंजिन कोळशाचं. धूर निघून जावा म्हणून आळीआळीत भोकं ठेवली, आत उतरायला लोखंडी शिडी. अनसाचा नवरा केरबा त्या इंजिनात कोळसा टाकायचा. घरी आला की काळं थुंकायचा.

गावदेवीची पालखी निघायची होती. देवी असल्या काळ्या तोंडांवरून जाणार नाही, भोकांवर फळ्या टाका, असा कारभाऱ्यानं हुकूम सोडला म्हणे. बायकांनी फळ्या शेणानं जाड सारवल्या, फट म्हणून ठेवली नाही, वर रांगोळ्या काढल्या. अनसा आडवी आली.

"अगं, खाली माणसं आहेत! धूर जाईल कुठनं?"

"तू घरात असताना तरी केरबाला कुठं श्वास घेऊ देतेस?" शेजारीण म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

कारभारी म्हणाला, "बाई, आज गाडी बंद. मी निरोप धाडलाय."

पालखी आळीत शिरली आणि जमीन थरथरली. गाडी आली होती. रोज ती गडगडत पुढं जायची. त्या दिवशी आळीखालीच थांबली. मग फळीवर खालून ठोके पडू लागले. ताशांच्या दणक्यात ते कुणाला ऐकू गेले नाहीत. अनसाच्या तळपायांना कळले.

"थांबवा!" ती किंचाळली. भोयांनी तिला बाजूला ढकललं.

रांगोळीला तडे गेले. तड्यांतून पिवळा धूर सुटला, तेव्हा भोई पालखी टेकवून पळाले. अनसानं नखांनी शेण उकरलं, फळी उपसली. ठोके थांबले होते. केरबाची बोटं शिडीच्या गजाला अशी आवळली होती की ती एकेक करून सोडवावी लागली.

गाडी बंद झाली. लोकांनी आधी बोगदा काढणाऱ्या गोऱ्या इंजिनियरला बोल लावला, मग अनसाच्या काळ्या जिभेला. निरोप कधी गेलाच नव्हता, हे फार उशिरा बाहेर आलं. कारभारी मानपानाच्या गडबडीत विसरला, म्हणे. विसरला!

आजही पालखी आळीच्या तोंडाशी थांबते, ताशे गप्प होतात. एक कासारीण जाळीला कान लावते. खाली सगळं शांत असलं, तरच हात वर करते. आणि मग देवीचा जयजयकार व्हायच्या आधी बायका थुंकून एक नाव घेतात: सुभानराव कारभारी.