ठकूआईचे दगड

डोंगरावरच्या गारमाळची माणसं थंडीत झाडंच्या झाडं जाळतात, असं खालच्या गावांत म्हणत. म्हणून ठकू सुईण पहिल्यांदा घाट चढून आली, ती आता हाडं शेकून निघतील या आशेनं. पाहते तर प्रत्येक घरात जाळ होता आणि प्रत्येक घराचं दार सताड उघडं होतं. दार लावलं तर धुरानं जीव जायचा, उघडलं तर ऊब जायची. माणसं पुढून भाजत होती, पाठीमागून गोठत होती आणि रान दरसाल हाकभर मागं सरत होतं.

याला किती पिढ्या झाल्या, कुणी मोजलेलं नाही.

ठकूला बोलावलं होतं गोजरासाठी. गोजराची आधीची दोन बाळं पौषातल्या गारठ्यानं नेली होती. या खेपेला मुलगी आठव्या महिन्यातच, दिवस कलताना जन्मली. ती मुठीत मावत होती आणि तिचं रडणं चिमणीहून बारीक होतं, असं म्हणतात. सासू गंगू हातपाय गाळून बसली. आणखी लाकडं आणा, एवढंच म्हणत राहिली.

ठकूनं बाळंतिणीच्या खोलीतला आहे तो जाळही बाहेर काढायला लावला.

मग तिनं कुडाच्या फटी पेंढा आणि शेणमातीनं बुजवल्या. भुईवर गुडघाभर पेंढा पसरला. बाजेवर घोंगड्यांचं बुटकं छत ताणलं, म्हणजे थेट आढ्यापर्यंतची हवा तापवायला नको. दाराला दुहेरी घोंगडी लावली. आणि घरोघर निरोप धाडला, की भाकऱ्या तुम्ही भाजणारच आहात, तर चुलीत एकेक दगड टाका.

लोकांनी ओढ्यातले गुळगुळीत, देखणे दगड आणले. गंगूच्या चुलीतला पहिलाच दगड फट्‌दिशी फुटला, तवा उडाला आणि भाकरी जाऊन आढ्याला चिकटली. ती तिथं संक्रांतीपर्यंत होती, असं म्हणतात.

“ओढ्यातला दगड पोटात पाणी लपवतो, बाई,” ठकू हसून म्हणाली. “मला कोरडा दगड दे.”

कोरडे दगड देवळाच्या पडवीत होते. फुटलेलं जातं घरात ठेवायचं नाही, अशी गारमाळची रीत. साऱ्या गावाची फुटकी जाती तिथं पडून होती. ठकूनं त्यांच्याकडे बोट दाखवताच गंगू घराच्या दारात आडवी झाली.

“फुटकं जातं बाळंतिणीच्या खोलीत? माझी दोन नातवंडं गेलीत, ठकू.”

“जन्मभर ज्यानं तुला जेवू घातलं, ते तुझ्या नातीच्या मुळावर येईल होय?”

गंगू उठली. देवळात गेली आणि स्वतःच्या सासूच्या जात्याची तळी डोक्यावर घेऊन आली.

तिच्यामागून सारा गाव निघाला. चुलीत तापलेल्या जात्यांच्या पाळ्या जुन्या घोंगडीत गुंडाळून बाजेखाली मांडल्या. ना जाळ, ना धूर. पहाटे माळभर दहिवर पडलं, गोजराच्या छपरावर मात्र थेंब नव्हता. दिवस उगवला तर माळावरच्या झाडून साऱ्या चिमण्या त्याच छपरावर बसलेल्या आणि खाली मुलगी घर दणाणून टाकत दूध मागत होती, असं म्हणतात.

सकाळी गावानं ठकूपुढे लुगडं आणि नाचणी ठेवली. तिनं दोन्ही गोजराच्या पदरात टाकलं. रात्रीचा दगड अजूनही हाताला कोमट होता. तो तिनं मांडीवर घेतला आणि सांगितलं, की आपण आता घाट उतरणार नाही. पोरीचं अंग भरेपर्यंत रोज सगळ्या चुलींतून एकेक दगड यायला हवा आणि तो मोजायला कुणीतरी हवंच.

ठकूआई तो आजही मोजते, असं म्हणतात. गारमाळवर मूल जन्मलं, की महिनाभर दिवेलागणीला घराघरांतून घोंगडीत गुंडाळलेले दगड निघतात. भांडलेल्या जावासुद्धा पाठवतात. रान आता पुन्हा घरांच्या परसापर्यंत आलं आहे. आणि कुणाचं जातं फुटलं, तर हळहळ नाही. पुसून चुलीपाशी ठेवतात आणि म्हणतात, “ठकूआईनं याला बोलावलं.”